सोळा फुटांचा बेवारस सांधा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीचा माथा ओलांडला की पाऊस इतक्या झपाट्याने ओसरतो, आणि ही सगळी उतरण एकेकाळी एकाच जिल्ह्यात मावत होती. १९४९ साली त्या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. आज या दोन्ही जिल्ह्यांत, पाचगणीच्या धुक्यात काय आणि जतच्या माळावर काय, नव्या घराला आणि डागडुजी केलेल्या जुन्या घराला जवळपास एकच खिडकी बसते : ग्रॅनाईटची चौकट, तीत ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची सरकती तावदाने, एका रुळावर डासांची जाळी, आतून गज आणि कडेने सिलिकॉनची पांढरी रेघ. पावसाच्या इतक्या तऱ्हा आणि त्या सगळ्यांना उत्तर एकच. तक्रारही मग एकच ऐकू येते, की जुनी लाकडी खिडकी काढून नवी बसवली आणि तेव्हापासून भिंतीला ओल येते. ग्राहक खिडकीवाल्याला बोलावतो, तो आणखी एक नळी सिलिकॉन फासून जातो, पुढच्या आषाढात पोपडे पुन्हा सुटतात. या लेखाचे म्हणणे असे, की अशा बहुतेक घरांत गळते ती खिडकी नसते. गळतो तो खिडकी आणि वीट यांच्यामधला सांधा, आणि तो गळतो याचे मुख्य कारण आपण बांधकामाची कामे ज्या पद्धतीने वाटून देतो तिच्यात आहे. सिलिकॉनचा दर्जा, काचेची जाडी, प्रोफाइलचा ब्रँड हे सगळे नंतरचे.

आधी जुनी भिंत कशी चालायची ते पाहू. वाई, मेणवली, औंध, मिरज इथल्या जुन्या वाड्यांत खालचा भाग दगडाचा, वर पांढऱ्या मातीत किंवा चुन्यात बांधलेली वीट, भिंतीची जाडी दीड-दोन हात. खिडकीची सागवानी चौकट आधी ओळंब्यात उभी करायची आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवत न्यायची, अशी रीत होती. चौकटीच्या पाठीशी मसाला ठासून भरला जाई, तिचे कान विटांच्या थरांत अडकत. भिंत चौकटीला येऊन भिडलेली असे, त्यामुळे नंतर भरायची फटच नव्हती. शिवाय खिडकी भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून बरीच आत बसलेली, आणि डोक्यावर छपराची वळचण दोन-अडीच फूट पुढे आलेली. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. घाटमाथ्यावर एवढ्यानेही भागत नसे, म्हणून महाबळेश्वर-पाचगणीकडे पावसाळ्यापूर्वी घरांच्या पश्चिम अंगाला गवताच्या झडी बांधायची चाल पडली. आज गवताच्या जागी प्लास्टिकचे कागद आणि पत्रे आले, पण चाल टिकली आहे. या सगळ्यामागचा हिशेब साधा होता. पाणी खिडकीच्या सांध्यापर्यंत कमीत कमी पोचावे, जे पोचेल त्याला बाहेर जायला वाट असावी, आणि जे भिंतीत मुरेल ते आश्विनाच्या उन्हात सुकून जावे. एकही भाग जलरोधक नव्हता, पण सगळे भाग मिळून घर कोरडे ठेवत.

आता वीट पाहू. कृष्णा-कोयनेच्या काठची मळीची माती, तीत तूस किंवा बगॅस मिसळलेला. भाजताना तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. भारतीय मानक १०७७ प्रमाणे सामान्य विटेने चोवीस तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. तीन किलोची वीट १५ टक्के पाणी पिते असे धरले तरी ते जवळपास अर्धा लिटर होते. एक चौरस मीटर भिंतीच्या दर्शनी थरात पन्नासेक विटा असतात, म्हणजे नुसत्या बाहेरच्या थरात वीस-पंचवीस लिटर पाणी धरायची ताकद असते. उलट बाजूने पाऊस मोजू. ताशी २० मिलिमीटरचा पाऊस आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा असला, तर मोकळ्या हवेतल्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला तासाला सुमारे ३० लिटर पाणी आदळते. प्रत्यक्ष भिंतीवर मध्यभागी ते कमी आणि कोपऱ्यांकडे व माथ्याकडे जास्त. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. उघडी वीट किंवा चुन्याचा गिलावा असलेली भिंत झडीचे बरेचसे पाणी स्वतःत जिरवून घेत होती आणि खिडकीच्या माथ्यापर्यंत त्यातले थोडेच उतरत होते. त्याच भिंतीवर आपण सिमेंटचा गिलावा करतो आणि वर जलरोधक म्हणून विकला जाणारा रंग लावतो, तेव्हा भिंत पाणी पिणे थांबवते. ते सगळे पाणी पातळ पडद्यासारखे खाली सरकते आणि वाटेत पहिला अडथळा येतो तो खिडकीच्या वरच्या सांध्याचा. काचेचेही तसेच. काच काहीच पीत नाही, तिच्यावर पडलेला थेंब न् थेंब खालच्या रुळावर उतरतो. भिंत जितकी चांगली रंगवावी तितका खिडकीच्या सांध्यावरचा भार वाढतो, ही बाब रंगाच्या डब्यावर कोणी छापत नाही. म्हणून गळती थांबावी म्हणून बाहेरून नवा रंग काढणाऱ्यांची गळती कधी कधी वाढलेली दिसते.

खिडकी बदलताना नेमके काय होते? जुनी चौकट छिन्नी-हातोड्याने उचकटली जाते. तिच्या कडेच्या विटा हलतात, काही अर्ध्या तुटतात, दरजांमधला मसाला सुटतो. मग भोक सरळ करण्यासाठी घाईने गिलावा होतो. तो सुकायच्या आत किंवा ग्रॅनाईटच्या पट्ट्या बसल्यावर खिडकीवाला मापे घेतो, आणि भोक कुठेही पूर्ण गुण्यात नसल्यामुळे चार-पाच मिलिमीटर कमी मापाची खिडकी करून आणतो. स्क्रूने ती अडकवली जाते, मागची फट कधी फोमने भरतात, कधी भरतही नाहीत, आणि बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढतात. त्या रेघेच्या मागे हललेल्या विटांच्या रिकाम्या दरजा तशाच असतात. पाण्याला चौकटीच्या कडेने यायची गरजच उरत नाही. ते फूटभर वरून गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगेतून शिरते, मोकळ्या दरजेतून उतरते आणि सिलिकॉनच्या पाठीमागे येऊन घराच्या आतल्या बाजूला बाहेर पडते. सिलिकॉन मग त्या पाण्याला बाहेर जाण्यापासून तेवढे अडवते.

शिवाय त्या रेघेकडून आपण जे काम मागतो ते तिला झेपणारे नसते. ॲल्युमिनियम तापले की विटेच्या चौपट प्रसरण पावते, यूपीव्हीसी दहापटीहून जास्त. सहा फूट रुंदीची यूपीव्हीसी खिडकी घ्या, सांगलीच्या मे महिन्यातली पश्चिमेची भिंत घ्या. पहाट आणि दुपार यांच्यात चौकटीच्या तपमानात तीस अंशांचा फरक पडला तर ती साडेतीन ते चार मिलिमीटर लांबते, भिंत मात्र अर्धा मिलिमीटरही हलत नाही. म्हणजे दोन्ही टोकांच्या फटींनी रोज पावणेदोन ते दोन मिलिमीटर मिटायचे आणि उघडायचे. फट पाचच मिलिमीटरची असेल तर ही हालचाल तिच्या रुंदीच्या पस्तीस-चाळीस टक्के झाली, आणि बाजारातले सर्वसाधारण सिलिकॉन पंचवीस टक्क्यांपर्यंतची हालचाल सोसेल असे बनवलेले असते. फट दहा मिलिमीटरची ठेवली असती तर तेच सिलिकॉन सुखाने टिकले असते. म्हणजे ज्या बारीक, देखण्या फटीबद्दल कारागिराची पाठ थोपटली जाते, तीच आधी फाटते. त्यात भर म्हणून स्वस्तातले, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सिमेंटच्या गिलाव्याला नीट धरत नाही. गिलावा अल्कली, सिलिकॉनमधून सुटणारे आम्ल, दोघांचे पटत नाही. विटेला आणि गिलाव्याला न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन लागते, ते धूळ झाडून कोरड्या पृष्ठभागावर लागते, आणि त्याच्या मागे बॅकर रॉड नावाची फोमची गोल दोरी असावी लागते, म्हणजे सिलिकॉन दोनच अंगांना चिकटते आणि रबरासारखे ताणले जाते. मागेही चिकटले तर ते मधोमध फाटते. पॉलियुरेथेन फोमबद्दलही मोठा गैरसमज आहे. तो फट भरतो, आवाज आणि धूळ अडवतो. पण उन्हात उघडा राहिला तर काही महिन्यांत पिवळा पडून भुसभुशीत होतो, आणि कापलेल्या तोंडाने पाणी ओढतो. त्याला जलरोधक समजून बाहेर उघडा सोडणे म्हणजे ओलीला आमंत्रण.

सरकत्या खिडकीची आणखी एक अडचण आहे आणि ती भौतिकशास्त्राची आहे. तिच्या खालच्या रुळात पाणी साचणारच, ते बाहेर जावे म्हणून बाहेरच्या अंगाला भोके ठेवलेली असतात. पण वारा त्याच भोकांतून आत दाब देतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा पूर्ण दाबाने खिडकीवर आला तर तो सहा मिलिमीटर उंचीचे पाणी रुळात तोलून धरतो, म्हणजे तेवढे पाणी साचेपर्यंत थेंबही बाहेर जात नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो : ताशी ७२ किलोमीटरला चोवीस मिलिमीटर. रुळाची आतली कड इंचभर असेल तर इथे पाणी काठाला लागले, आणि पुढचा झोत आला की ते खोलीत. या भागातल्या बांधकामांसाठी वाऱ्याचे मानक सेकंदाला ३९ मीटरचा, म्हणजे ताशी १४० किलोमीटरचा मूळ वेग धरायला सांगते; तो इमारत उभी राहावी म्हणून आहे, खिडकी कोरडी राहावी म्हणून नाही, पण वाऱ्याची कल्पना त्यातून येते. घाटमाथ्यावर आणि साताऱ्याच्या यवतेश्वर-कासकडच्या उघड्या अंगावर सरकती खिडकी हा मुळातच चुकीचा निवडलेला प्रकार आहे. तिथे बिजागरीची, रबरी पट्टीवर दाबून बसणारी खिडकी हवी. ब्रशची पट्टी धूळ अडवते, दाबाखालचे पाणी अडवत नाही. लोक तरीही सरकती घेतात, कारण गज आणि जाळी दोन्ही ठेवून ती उघडता येते, पडद्याला आणि टेबलाला आडवी येत नाही. ही कारणे खोटी नाहीत. पण भिलारसारख्या गावात, जिथे २०१७ पासून पुस्तकांच्या गावाची योजना चालू झाली आणि लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांच्या कपाटांना दिल्या, तिथे पश्चिमेच्या खिडकीची निवड पडद्याच्या सोयीवर सोडता येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. हा सांधा कोणाचा? गवंड्याचे काम ब्रासवर किंवा चौरस फुटावर मोजले जाते, खिडकीवाल्याचे चौरस फुटावर, ग्रॅनाईटवाल्याचे आणि रंगाऱ्याचेही असेच कुठल्या ना कुठल्या मापावर. चार बाय चारची खिडकी घेतली तर तिचे क्षेत्र सोळा चौरस फूट आणि तिचा भिंतीशी होणारा सांधाही सोळा फूट. सोळा चौरस फुटांचे पैसे ठरलेले असतात. सोळा धावत्या फुटांचे दर कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. न्हाणीघराची दोन बाय दोनची खिडकी घ्या : क्षेत्र चार, सांधा आठ. खिडकी जितकी लहान तितका तिच्या किमतीच्या मानाने सांधा मोठा, म्हणून लहान खिडक्यांकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते आणि त्यांच्याखालची भिंत सगळ्यांत आधी ओलावते. गवंडी म्हणतो, मी भोक करून दिले. खिडकीवाला म्हणतो, माझी खिडकी गळते का, पाणी टाकून बघा. दोघेही खरे बोलतात. जुन्या रीतीत सुतार आणि गवंडी एकाच वेळी एकाच भिंतीपाशी उभे असत, कारण चौकट आधी आणि भिंत नंतर हा क्रमच त्यांना एकत्र आणायचा. नव्या रीतीत एकाचे काम संपून आठवडे झाल्यावर दुसरा येतो. फट राहते ती या दोन तारखांच्या मध्ये.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की जुन्या खिडक्याही गळत होत्या, उगाच त्यांचे गोडवे कशाला गायचे? गळत होत्या, यात शंका नाही. झडपा फुगायच्या, बिजागऱ्या गंजायच्या, खालचे लाकूड कुजायचे, वाळवी लागायची. पावसाळ्यात खिडकीखाली पोते ठेवणे घरोघर चालायचे. कोणी आज पुन्हा सागवानी झडपा बसवाव्यात असे इथे सुचवायचे नाही. लाकडाचे भाव पाहता ते बहुतेकांना परवडणारही नाही. मुद्दा एवढाच, की जुन्या खिडकीतून आलेले पाणी दिसायचे आणि पोत्यावर पडायचे. नव्या सांध्यातून आलेले पाणी गिलाव्याच्या आत राहते, आतल्या ॲक्रिलिक रंगामुळे त्याला सुकायला वाट नसते, आणि ते कळते तेव्हा लोणा लागून पोपडे धरलेले असतात, गजांची टोके गंजून गिलावा फोडू लागलेली असतात.

दुसरा आक्षेप पूर्वेकडचा : तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, जतकडे मुळात पाऊसच किती पडतो, तिथे एवढा खटाटोप कशाला? इथे वार्षिक सरासरी फसवते. खिडकीला वर्षाचा पाऊस कळत नाही, तिला वीस मिनिटांतला वारा आणि पाणी कळते. पूर्व भागातला एप्रिल-मेमधला वळीव गारांसह, घोंघावत्या वाऱ्यासह येतो आणि दिशा ठरवून येत नाही. साताऱ्याकडचे लोक पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत जपतात. जतकडे कुठलीही भिंत त्या संध्याकाळची पश्चिम होऊ शकते. त्यात तिथला सांधा वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा, तापलेला, रोज ताणला जाणारा. सिलिकॉन फाटण्यासाठी कोयनेच्या खोऱ्यापेक्षा ही हवा जास्त सोयीची आहे. घाटाकडे सांधा पाण्याने हरतो आणि माणदेशाकडे उन्हाने. पहिला वळीव येतो तेव्हा तो आधीच सुटलेला असतो.

तिसरा आक्षेप तयार खिडक्या विकणाऱ्यांचा असतो : आमची खिडकी चाचणी करून पाठवतो, वारा आणि पाणी दोन्ही. ते खरेही असेल. पण चाचणीत खिडकी एका ताठ, सरळ, पोलादी चौकटीत बसवून तिच्यावर फवारा मारतात. कराडच्या एखाद्या साठ वर्षे जुन्या घराच्या नऊ इंची भिंतीत, जिथे एका अंगाची वीट सुटली आहे आणि दुसऱ्या अंगाला गिलावा दोन इंच जाड झाला आहे, तिथे ती कशी वागेल ते चाचणी सांगत नाही. चांगली खिडकी घ्यावीच. फक्त तिचे प्रमाणपत्र तिच्या कडेपाशी संपते हे लक्षात ठेवावे.

खर्चाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. छज्जा नव्याने काढणे, खालची फरशी बदलणे, विटा पुन्हा बसवणे यांपुढे सिलिकॉनची नळी किरकोळ वाटते. पण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला ती नळी लावायला परांची बांधावी लागते, आणि दर दोन-तीन वर्षांनी लावावी लागते; शिवाय आतला रंग, फुगलेले प्लायवूडचे कपाट, खराब झालेले विजेचे पॉइंट. जी कामे एकदाच करायची ती महाग दिसतात, कारण त्यांचा आकडा एकाच कागदावर येतो. तरी प्रत्येक खिडकीला सगळे करा असे सांगणे बरोबर नाही. घराची ज्या अंगाने झड येते त्या अंगाच्या खिडक्यांना पूर्ण काम, बाकीच्यांना निम्मे, असा भेद केला तर खर्च आवाक्यात राहतो. घाटाखाली पूर्वेला मात्र हा भेद वाऱ्याच्या दिशेवर नाही, वर छज्जा आहे की नाही यावर करावा.

पुराबद्दल एक खुलासा इथे हवा, कारण सांगलीत खिडक्या बदलण्याचा विषय पुरापासून वेगळा काढता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी गावठाणात आणि उपनगरांत शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जिथे ४५ फूट धोक्याची मानली जाते. लाकडी दारे-खिडक्या फुगून बाद होतात म्हणून अशा घरांत ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसीकडे वळणे शहाणपणाचेच आहे. पण खिडकी इतकी घट्ट करावी की पूरही आत येणार नाही, ही कल्पना घातक आहे. बाहेर एक मीटर पाणी आणि आत कोरडे असले तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे पाचशे किलोचा रेटा येतो. पाणी दीड मीटर झाले की तो अकराशेच्या पुढे जातो. मातीत बांधलेली जुनी नऊ इंची भिंत हे सहन करेल याची खात्री कोणी देऊ नये. पुराचे पाणी आत येऊन दोन्हीकडे समान झालेले बरे. पूरग्रस्त घरातल्या सांध्याची खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर असते : भिंत महिनोन् महिने आतून ओली असते आणि तिला दोन्ही अंगांनी सुकायचे असते. अशा भिंतीवर घाईने जलरोधक रंग काढणे आणि ओल्या विटेवर सिलिकॉन ओढणे ही दोन्ही कामे वाया जातात. चुना मिसळलेला गिलावा, बाष्प जाऊ देणारा रंग, आणि खिडक्या पुढच्या उन्हाळ्यात. थांबण्याचे हे दिवस सोयीचे नाहीत, पण भिंतीला ते लागतातच.

मग करायचे काय? जुनी चौकट काढायची असेल तर ती करवतीने मधोमध कापून आतल्या बाजूला ओढून काढावी, हातोडा मारून उचकटू नये. चौकटीच्या डोक्यावर लाकडी तुळई आहे, दगडी आहे की काँक्रीटची लिंटेल पट्टी, हे आधी पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या पट्ट्यात लिंटेलचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. पाटण-कोयनानगरकडे जमीन अजूनही अधूनमधून हलते. खिडकी दोन इंच उंच दिसावी म्हणून ती पट्टी छिलणारा कारागीर ओलीपेक्षा मोठे संकट घरात आणतो. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवायची स्वस्त पद्धतही आहे. लाकूड ठणठणीत असेल आणि वर खोल वळचण असेल तर ती चालते; नाहीतर जुने लाकूड आणि वीट यांच्यातली फट नव्या खिडकीच्या आड झाकली जाते आणि गळती सापडणेच अवघड होते. कडेच्या सैल विटा काढून मसाल्यात पुन्हा बसवाव्यात, दरजा भरून घ्याव्यात, आणि गिलावा चांगला सुकल्यावरच मापे घ्यावीत. खिडकी नऊ इंची भिंतीत बाहेरच्या तोंडापासून निदान तीन-चार इंच आत बसवावी. बाहेरच्या कडेला लावलेली खिडकी आतून जास्त जागा देते आणि पहिल्या पावसात ती परत घेते.

खालची फरशी हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत उपयोगी भाग. ग्रॅनाईट असो, कडप्पा असो की शहाबादी, ती पाणसळीत सपाट बसवण्यात आपल्याकडे कौशल्य मानले जाते. खिडकीच्या बाहेरच्या भागात तिला बाहेरच्या बाजूने ढाळ हवा, फुटाला निदान इंचभर. ती भिंतीच्या पुढे दीड-दोन इंच आलेली हवी आणि तिच्या पुढे आलेल्या भागाच्या पोटाला कडेशी समांतर एक खाच हवी. खाचेपाशी पाण्याचा थर तुटतो आणि थेंब खाली पडतो. खाच नसेल तर तेच पाणी पृष्ठताणाने फरशीच्या पोटाला धरून उलटे भिंतीकडे येते. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही हीच खाच. बाहेरून आतपर्यंत एकच सलग फरशी घालणे टाळावे. बाहेरची आणि आतली वेगळी, आणि आतली अर्धा इंच वर. फरशीची दोन्ही टोके बाजूच्या गिलाव्यात घुसलेली असावीत, कारण कोपऱ्यातली गळती बहुतेकदा याच टोकांवरून सुरू होते. छज्जा आणि भिंत मिळतात तिथे वरच्या अंगाला वाटा मारलेला असावा. कित्येकदा खिडकीच्या वर दिसणारी ओल याच जागेची असते आणि दोष मात्र खिडकीला मिळतो. एवढे झाल्यावर सिलिकॉनची रेघ : आठ-दहा मिलिमीटर रुंद, मागे दोरी, न्यूट्रल प्रकारचे, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या सांध्याला सलग. खाली रुळाची भोके मोकळी ठेवून. रंगाऱ्याने नीटनेटकेपणाच्या भरात ही भोके बुजवलेली आढळतात.

कामाच्या करारात हा सांधा वेगळी ओळ म्हणून लिहावा, धावत्या फुटात, आणि त्याचा दर त्याच्या नावाने ज्याच्याकडे जबाबदारी द्यायची त्याला द्यावा. गवंडी घ्यायला तयार असेल तर गवंड्याला, खिडकीवाला असेल तर त्याला, दोघांपैकी एकालाच. चाचणी पाऊस येण्याची वाट न पाहता मेमध्ये बागेच्या नळीने करता येते. पाणी आधी फक्त खालच्या फरशीवर पाच-दहा मिनिटे सोडायचे आणि आत एक माणूस हात लावून बसवायचा. मग रुळावर, मग एका बाजूच्या सांध्यावर, मग दुसऱ्या, मग वरच्या, शेवटी छज्ज्यावर आणि त्याच्या वरच्या भिंतीवर. खालून वर जाण्याचे कारण असे, की वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे उतरते आणि शिरले कुठून ते कळत नाही. खालून गेल्यास ज्या टप्प्याला आत ओल दिसते तो टप्पा दोषी ठरतो. हे करताना गवंडी आणि खिडकीवाला दोघेही जागेवर हवेत, आणि शेवटचा हप्ता तोपर्यंत मालकाच्या खिशात.